पाकशाला : काशीचा चूडा-मटर

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले, की शीतला आणि अहिल्याबाई घाटांनंतर मुन्शी घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील श्रीधर नारायण मुन्शी यांनी 1812 च्या सुमारास तो बांधविला. मराठी माणसाने उभारलेल्या या पायऱ्यांवर थंडीत उभे राहिले असता आपल्या पोह्यांची आठवण हटकून व्हावी. काशीतही हिवाळ्याच्या न्याहारीला पोहेच असतात. त्यांना तेथे ‘चूडा’ म्हणतात आणि कोवळ्या मटारांची जोड देतात.

या पदार्थात मोहरी नाही, हळद नाही, कांदाही नाही. मोजकेच जिन्नस असल्यामुळे प्रत्येकाची चव स्वतंत्रपणे कळते.

साहित्य (चार माणसांसाठी) : पातळ पोहे 2 वाट्या, सोललेले ताजे मटार दीड वाटी, तूप 2 चमचे, जिरे अर्धा चमचा, किसलेले आले 1 चमचा, हिरव्या मिरच्या 2, मिरपूड, मीठ, चिमूटभर साखर, थोडे दूध, लिंबू, कोथिंबीर.

कृती : पोहे निवडून, चाळून घ्यावेत. त्यांवर तीन-चार चमचे दूध शिंपडून हलक्या हाताने सारखे करावेत. भिजत घालू नयेत, नाहीतर त्यांचा लगदा होतो. कढईत निम्मे तूप तापवून जिरे, आले व मिरच्या परताव्यात. मटार व मीठ घालून पाण्याचा हबका मारावा आणि झाकण ठेवून मंद आंचेवर मऊ होऊ द्यावेत. मग पोहे, साखर, मिरपूड व उरलेले तूप घालून, एक वाफ येताच कढई उतरवावी. लिंबू मात्र पानात वाढल्यावरच पिळावे. लोखंडी कढईत पिळल्यास पदार्थ काळपट पडतो.

तांदळाच्या प्रथिनांत जे उणे असते ते मटार भरून काढतात आणि मटारांतील उणीव तांदूळ भरून काढतो. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा त्याच्या उलट काम करतो; म्हणून तो तासाभराने घ्यावा.

भगिनींनो, ही गोष्ट किरकोळ नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. पण सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाण्याची आपली रीत त्यात भरच घालते. चूडा-मटर निवला की त्याची गोडी जाते. तेव्हा कढई उतरताच सर्वांची पाने एकदम मांडावीत आणि त्यांत एक पान स्वतःचेही असावे. अन्नपूर्णेच्या काशीहून घरी आणण्याजोगा हा प्रसाद आहे.