पावलांना रेषेचा आधार

कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या घरी एक कोडे हमखास पडते. आजोबा जिना नीट चढतात. मात्र सपाट फरशीवर, दाराच्या चौकटीपाशी येताच त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. घरच्यांना हा हट्ट वाटतो. वाचकहो, तो हट्ट नव्हे, आजाराचेच लक्षण आहे.

चालण्याची सवयीची क्रिया मेंदूच्या खोलवरच्या केंद्रांमुळे आपोआप घडते. डोपामीन कमी झाल्याने ही आपोआपता हरपते. नजरेसमोर ठोस लक्ष्य असले, की मेंदू जाणीवपूर्वक पाऊल उचलण्याचा वेगळा मार्ग वापरू शकतो. जिन्याची पायरी हे असेच लक्ष्य होय. जमिनीवरील आडव्या रेषा चालण्यास मदत करतात, चालण्याच्या दिशेने आखलेल्या उभ्या रेषा करीत नाहीत, हे ब्रिटिश चेताविकारतज्ज्ञ पर्डन मार्टिन यांनी १९६७ मध्ये नोंदवले होते.

याच तत्त्वावर लेसर-काठी बनली आहे. ती पावलापुढे प्रकाशाची आडवी रेषा टाकते. रुग्णाने ती ओलांडायची. बुटांवर बसवायची लेसर-साधनेही मिळतात. कडक उन्हात मात्र ही रेषा फिकट दिसते.

घरी साधी रंगीत चिकटपट्टीही उपयोगी पडते. पाय जिथे अडतात तिथे, म्हणजे दारापाशी, वळणावर किंवा पलंगाजवळ, फरशीहून उठून दिसणाऱ्या रंगाच्या पट्ट्या आडव्या चिकटवाव्यात. दोन पट्ट्यांतील अंतर रुग्णाच्या सहज पडणाऱ्या पावलाएवढे असावे. ते फिजिओथेरपिस्टकडून ठरवून घ्यावे. पट्टीची कड सुटली तर लगेच बदलावी, नाहीतर तीच ठेच लागण्याचे कारण होईल.

पाय अडले असता रुग्णाला ओढू नका, घाई करू नका, चहूबाजूंनी सूचनाही देऊ नका. त्यांना थांबू द्या, श्वास घेऊ द्या. शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायला सांगा आणि मग रेषा ओलांडायला सांगा.

हा उपाय प्रत्येकाला सारखाच लागू पडत नाही. दृष्टी अधू असेल किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच तो करून पाहावा. औषधाचा प्रभाव ओसरताना पाय अधिक अडत असतील, तर त्या वेळा वहीत टिपून डॉक्टरांना दाखवाव्यात. औषधाची मात्रा मात्र स्वतःहून बदलू नये. रेषा ही औषधाची जोडीदार आहे, पर्याय नव्हे.