फ्रँकफर्टचा हिशेब किलोमीटरात नको

फ्रँकफर्टला दर जानेवारीत हाइमटेक्सटिल हे घरगुती कापडाचे मोठे प्रदर्शन भरते. टॉवेल, चादरी, पडदे यांचे जगभरचे खरेदीदार तिथे येतात. सोलापूरकडचे आपले काही टॉवेल कारखानदार तिथे जातात, काही जाण्याच्या विचारात आहेत. अशा बंधूंशी आम्हांला प्रवासाबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, कारण मालात हुशार असलेली माणसेही तिकिटात फसतात.

मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ अंतर सुमारे 6,570 किलोमीटर. विमानाचा वेग ताशी 850 ते 900 किलोमीटर. भागाकार केला तर साडेसात तास येतात. प्रत्यक्षात थेट विमानाला जाताना साधारण नऊ तास लागतात. दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांना आणखी जोर चढतो. जाताना ते समोरून, येताना पाठीमागून. म्हणून परतीला आठ-सव्वाआठ तास पुरतात. शिवाय कोणत्या देशाच्या आकाशातून जायला परवानगी आहे, यावरही वाट ठरते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा उत्तर भारतातून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला.

घड्याळाचा घोळ वेगळाच. तिकिटावर रात्री 2 ला निघून सकाळी 6.30 ला पोहोच लिहिलेली असते. साडेचार तासांत जर्मनी, असे समजून खूश होऊ नये. हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन.

आता स्वस्त तिकिटाचे. दुबईमार्गे गेल्यास अंतर जेमतेम 200 किलोमीटरने वाढते. नकाशावर हा फरक दिसतही नाही. पण दोनदा चढणे-उतरणे आणि मधला थांबा धरला, की नऊचे तेरा-चौदा तास सहज होतात. आमच्या परिचयाचे एक कारखानदार असेच मधे विमान बदलून गेले. उतरले ते प्रदर्शनाच्या पहिल्याच सकाळी, आणि नमुन्यांची पेटी मधल्या विमानतळावर राहिलेली! ती दुसऱ्या दिवशी आली. तोवर स्टॉलवर आलेल्या गिऱ्हाइकांना ते मोबाइलवर फोटो दाखवत होते. टॉवेल हा हातात घेऊन, चुरगळून पाहायचा माल. फोटोवर कोण ऑर्डर देणार? तिकिटात वाचलेले पैसे त्या एका दिवसात गेले.

मधे थांबून जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हातात दोन दिवस मोकळे आहेत त्याने खुशाल जावे. ज्याला सोमवारपर्यंत माग सोडवत नाही, त्याने मात्र थेट विमानाचे जास्त पैसे मोजावेत.

आणि हिशेब मुंबईपासून नव्हे, आपल्या कारखान्याच्या दारापासून धरावा. सोलापूर ते मुंबई रेल्वेने साडेचारशे किलोमीटर, पण रात्रीच्या गाडीला लागणारा वेळ जवळजवळ मुंबई-फ्रँकफर्ट विमानाइतकाच. प्रदर्शन मंगळवारी उघडणार असेल, तर शनिवारी रात्रीच सोलापूर सोडावे. रविवारी मुंबईतली कामे उरकून मध्यरात्रीनंतरचे विमान धरले, की सोमवारी सकाळी फ्रँकफर्ट. तो दिवस झोप आणि स्टॉल लावण्यासाठी. नमुन्यांपैकी निम्मे तेवढे हातातल्या बॅगेत असू द्यावेत.