समुपदेशन झाले, माणूस सावरला का?

‘टेली-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिच्यावर किती फोन आले, याचे आकडे वेळोवेळी जाहीर होतात. शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशनाचा हिशेबही बहुधा सत्रांच्या संख्येतच मांडला जातो. सेवा लोकांपर्यंत पोहोचली का, हे त्यातून समजते. पण त्या बोलण्याने माणूस सावरला का आणि सावरला असेल तर नेमका कशामुळे, हे समजत नाही. मानसशास्त्राचे संशोधक मात्र गेली सत्तरहून अधिक वर्षे हाच प्रश्न विचारत आहेत.

सुरुवात वादाने झाली. उपचार घेतले काय किंवा न घेतले काय, सौम्य मनोविकारांचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोनेक वर्षांत सुधारतातच, असा दावा ब्रिटनमधील हान्स आयसेंक यांनी १९५२ मध्ये केला. त्याला ठोस उत्तर मिळाले ते १९७७ मध्ये. मेरी स्मिथ आणि जीन ग्लास यांनी ३७५ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती, उपचार न घेतलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांपेक्षा चांगल्या स्थितीत होती. विशेष म्हणजे, वेगवेगळ्या पद्धतींच्या परिणामांत फारसा फरक नव्हता.

मग गुण कशाचा? एडवर्ड बोर्डिन यांनी १९७९ मध्ये तीन गोष्टींवर बोट ठेवले: कुठे पोहोचायचे यावर दोघांचे एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत आणि परस्परांवरचा विश्वास. या नात्यावरच्या २९५ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. नाते जितके घट्ट, तितका परिणाम चांगला, हे त्यात दिसले; पण परिणामांतील फरकांपैकी सुमारे आठ टक्क्यांचाच संबंध या नात्याशी जोडता येतो. शिवाय नात्यामुळे बरे वाटते की बरे वाटू लागल्याने नाते जुळते, हे सांगणे सोपे नाही. चांगला समुपदेशक जास्त त्रासात असलेल्याला जास्त वेळ देतो. केवळ आकडे पाहिले तर वेळ दिल्यानेच प्रगती खुंटली, असा उलटा निष्कर्ष निघू शकतो.

या गुंत्यातून वाट कशी काढावी, हे गोव्यात दिसले. ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. समुपदेशक होते मानसोपचाराची पदवी नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले स्थानिक लोक. सत्रांच्या ध्वनिमुद्रणांना ते एकमेकांत गुण देत आणि चुका सुधारत. तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. पुढच्या विश्लेषणात कारणाचाही माग लागला. एका वर्षानंतर टिकलेल्या फायद्याचा निम्म्याहून अधिक वाटा रुग्ण पुन्हा कामात, माणसांत, आवडीच्या गोष्टींत गुंतल्याचा होता.

म्हणजे परिणाम मोजता येतो आणि त्याचे कारणही शोधता येते. मग ते समुपदेशकाच्या अंदाजावर का सोडावे? अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात ५५० जणांपैकी ४० जणांची अवस्था उपचारांअखेर अधिक बिघडली होती. समुपदेशकांनी असा अंदाज केवळ तिघांबाबत बांधला होता आणि त्यातला एकच खरा ठरला. हा हलगर्जीपणा नव्हता. ज्याच्यासाठी आपण झटतो तो सुधारतोच आहे, असे कोणालाही वाटते. म्हणूनच दर भेटीत छोटी प्रश्नावली भरून घेण्याची पद्धत पुढे आली. घसरण सुरू झाल्याची सूचना समुपदेशकाला वेळीच मिळाली, तर बिघडणाऱ्यांची संख्या घटते, असे अभ्यासांत दिसले आहे.

याला मोठा खर्च लागत नाही. नैराश्यासाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत मोफत उपलब्ध आहे आणि ती भरायला काही मिनिटे पुरतात. उत्तरांची गुप्तता जपली पाहिजे आणि गुणांचा आकडा समुपदेशकांवर उगारायची छडी होता कामा नये. मात्र सत्रांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना हवाच: आलेल्यांपैकी किती जण सावरले? आणि तो समुपदेशकाच्या नव्हे, तर मदत मागायला आलेल्याच्या उत्तरांतून भरला जावा.