दुपारची स्वस्त वीज आणि सकाळची धांदल : विद्युत नियामक आयोगास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



1 जुलै 2025 पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे वेळेनुसार वापर मोजणारा टीओडी मीटर बसला, त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर सवलत लागू झाली. 2030 पर्यंतच्या काळासाठी ती युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया अशी जाहीर झाली. लाईट बिल बघून हिशेब करणाऱ्या घरांमध्ये त्यामुळे नवी चर्चा सुरू झाली. मशीन नऊच्या आधी लावायचं की नंतर? इस्त्री रात्री की दुपारी? घरघंटीवरचं दळण रविवारी की मधल्या वारी?

सवलतीमागचं कारण रास्त आहे आणि ते आधी मान्य करायला हवं. याआधी आयोगाच्याच आदेशानुसार कारखान्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती आणि सकाळी 9 ते 12 या वेळेत 80 पैसे जादा आकार. आता तेच सकाळचे तास स्वस्ताईचे झाले, कारण दिवसा उन्हाची वीज येते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 16,000 मेगावॉट सौरक्षमतेचं उद्दिष्ट आहे. दुपारी वीज भरपूर आणि सूर्य मावळला की मागणी जास्त, अशी स्थिती आहे. दिवसा वापर वाढला तर संध्याकाळची महाग वीज कमी घ्यावी लागेल, हा हिशेब बरोबर आहे.

प्रश्न घराच्या हिशेबाचा आहे. महिन्याला 200 युनिट वापरणारं चौघांचं कुटुंब घेऊ. कपडे धुण्याचं मशीन गार पाण्यावर एका फेरीला साधारण पाव युनिटही खात नाही. महिनाभर रोज धुणं दुपारी हलवलं तरी बचत पाच-सहा रुपयांच्या पुढे जात नाही. साडेसातशे वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला तर महिन्याचे जेमतेम चार युनिट होतात. म्हणजे चटणी-वाटण दुपारी करून ठेवलं तर तीन-चार रुपये वाचतात. फ्रिजचं वेगळं आहे. तो चोवीस तास चालतो, त्यामुळे त्याचा साधारण तिसरा हिस्सा आपोआपच सवलतीच्या आठ तासांत पडतो. त्यासाठी कोणालाच काही करावं लागत नाही. खरा खादाड गिझर. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास चालला की एक युनिट होतं, महिन्याचे तीस. पण आंघोळी सकाळी सहा ते आठ या वेळेत उरकतात, कारण शाळेची बस आणि लोकल कोणासाठी थांबत नाही. उन्हाळ्यातला एसी रात्रीचा. पंखे रात्रीचे. दिवे संध्याकाळचे.

म्हणजे जी कामं हलवता येतात ती फार वीज खात नाहीत, आणि जी वीज खातात ती हलवता येत नाहीत. या पत्रातली पुढची प्रत्येक मागणी या एका वस्तुस्थितीवर उभी आहे.

पाण्याचंही असंच. जिथे नळाला पहाटे तासभर पाणी येतं, तिथे मोटर पहाटेच लावावी लागते. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात अनेक वर्षं काही दिवसांच्या अंतराने पाणी येत राहिलं. तिथे पाणी आलं की मोटर आणि मशीन दोन्ही त्याच वेळी सुरू होतात, मग घड्याळात काहीही वाजलेलं असो. या घरांची दिनचर्या महापालिकेच्या पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक आधीच ठरवतं. महाराष्ट्रातल्या बायकांना विजेप्रमाणे काम बसवणं शिकवावं लागत नाही. दोन दशकांपूर्वीच्या भारनियमनात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, लाईट जायच्या आत वाटण-दळण उरकलं.

हे हलवाहलवीचं काम करतं कोण, हेही आयोगाने विचारात घ्यावं. केंद्राच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटं देतात, पुरुष 88 मिनिटं. स्पेनमध्ये जून 2021 मध्ये घरगुती ग्राहकांसाठी वेळेनुसार तीन दर आले आणि मध्यरात्रीनंतरची वीज सर्वांत स्वस्त झाली. तेव्हा मध्यरात्री इस्त्री करायची का, यावर देशभर वाद पेटला. तत्कालीन उपपंतप्रधान कार्मेन काल्वो यांनी इस्त्री किती वाजता होते यापेक्षा ती कोण करतं, हा प्रश्न महत्त्वाचा असल्याचं म्हटलं होतं. महाराष्ट्राची सवलत दुपारची आहे, हे त्या मानाने खूपच बरं. मात्र नऊ ते पाच घरात असतं कोण? निवृत्त जोडपं असतं, घरून काम करणारे असतात, गृहिणी असतात. दोघंही नोकरीला जातात त्या घराला किंवा दिवसभर चार घरची धुणी-भांडी करून संध्याकाळी स्वतःचा स्वयंपाक करणाऱ्या बाईला या सवलतीतून फ्रिजच्या हिश्शापलीकडे फारसं काही मिळत नाही.

आज ही नुसती सवलत आहे, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही. काळजी पुढची आहे. केंद्र सरकारच्या 14 जून 2023 च्या नियमांनी दिवसाचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितलं आहे, आणि सर्वाधिक मागणीच्या वेळेत घरगुती ग्राहकांसाठी दर नेहमीच्या किमान 1.10 पट असावा असंही म्हटलं आहे. हा संध्याकाळचा वाढीव आकार उद्या सगळ्या घरांना सरसकट लागला, तर ज्यांना दुपारचा फायदा घेता आला नाही त्यांच्याच माथी तो बसेल. दिवा, पंखा आणि मुलांचा अभ्यास पुढे ढकलता येत नाही. त्यांच्यावर दंड आकारणं अन्यायाचं होईल.

कोणालाही कष्ट न पडता वापर हलवता येईल अशी एक जागा आहे, ती म्हणजे सोसायटीचा पंप. जमिनीखालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवण्याची वेळ पाणी येण्याच्या वेळेला बांधलेली नसते. पाच अश्वशक्तीचा पंप रोज तीन तास चालला तर महिन्याला सव्वातीनशेहून अधिक युनिट होतात. वॉचमनने बटण पहाटेऐवजी दहाला दाबलं की 80 पैशांच्या दराने अडीचशेहून अधिक रुपये वाचतात आणि कोणाचीही झोप मोडत नाही. विद्युत वाहनांचं चार्जिंगही असंच, पण गाडी दुपारी कचेरीच्या वाहनतळावर उभी असते. चार्जिंगची सोय तिथे हवी. आयोगाने आणि महावितरणने प्रचाराचा जोर अशा ठिकाणी लावावा. गृहिणीला मशीनची वेळ शिकवण्यापेक्षा त्यातून वीजव्यवस्थेचा कितीतरी जास्त फायदा होईल.

आयोगापुढे मागण्या मोजक्याच आहेत. महिना 300 युनिटपर्यंत वापरणाऱ्या घरांना संध्याकाळचा जादा आकार 2030 पर्यंत लावणार नाही, असं आयोगाने आदेशातच लिहावं. बिलावर दिवसाचे आणि उरलेले युनिट वेगवेगळे, ठळक मराठीत छापायला लावावेत, कारण सवलत किती मिळाली हे आजी-आजोबांनाही चष्मा लावून वाचता आलं पाहिजे. नवे मीटर तासातासाचा वापर टिपतात. ती माहिती, कोणाची ओळख उघड न करता, वापराच्या टप्प्यानुसार प्रसिद्ध करावी, म्हणजे 100 युनिटांच्या आतल्या घरांनी किती वापर दुपारी हलवला आणि 500 च्या वरच्यांनी किती, हे सगळ्यांना दिसेल.

शेवटची विनंती सुनावणीची. 2003 च्या वीज कायद्याच्या 64 व्या कलमानुसार दर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घेणं आयोगावर बंधनकारक आहे. घरगुती ग्राहकांच्या वेळेनुसार दरांचा पुढचा निर्णय घेण्यापूर्वी किमान एक सुनावणी रविवारी ठेवावी आणि घरकामगारांच्या संघटना, गृहनिर्माण संस्था व नोकरदार स्त्रियांना तिथे आवर्जून बोलवावं.

कळावे,
एक घरगुती वीजग्राहक