रानपिंगळा हरवला नव्हता, आपण बघत नव्हतो

पुण्या-मुंबईत शिकायला गेलेल्या खान्देशी पोरांना एक प्रश्न हमखास येतो, ‘तुमच्याकडे आहे काय रे?’ मग आपण यादी म्हणतो. जळगावची केळी, सोनं, वांग्याचं भरीत, शेवभाजी आणि डोकं फिरवणारं ऊन. या यादीत एक नाव कायम राहून जातं. रानपिंगळा. जगात हा पक्षी फक्त मध्य भारतात आणि त्याच्या आसपासच्या मोजक्या जंगलांत आहे. त्यातलं यावलचं जंगल आपल्या जळगाव जिल्ह्यात, आणि तोरणमाळ शेजारच्या नंदुरबारमध्ये. तरीही तुमच्या वर्गात विचारून बघा, किती हात वर होतात ते!

गावाच्या चिंचेवर, पिंपळावर रात्री कलकलाट करतो तो साधा पिंगळा. तो सगळ्यांना माहीत आहे. रानपिंगळा त्याचाच जंगलातला नातेवाईक. उंची जेमतेम वीतभर, डोकं आणि पाठ जवळपास बिनठिपक्यांची, पंख-शेपटीवर ठळक पांढरे पट्टे आणि शरीराच्या मानाने दणकट पंजे. गंमत म्हणजे घुबडाच्या कुळातला असून हा दिवसा फिरतो. थंडीत सकाळी उंच, निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो आणि सरडे, उंदीर, नाकतोडे मटकावतो. म्हणजे हा काही रात्री-बेरात्री लपून बसणारा पक्षी नाही. चांगला उजेडात समोर बसतो.

आणि असा हा पक्षी तब्बल ११३ वर्षं ‘बेपत्ता’ होता.

ही स्टोरी एखाद्या वेबसिरीजला शोभेल अशी आहे. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव इतिहासाच्या पुस्तकात वाचलं, तेच हे ह्यूम. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने खान्देशातून या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंदच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून नमुने उरले फक्त सात.

त्यातला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. आपण तो १९१४ मध्ये गुजरातच्या मांडवीजवळ मिळवला, असं त्याचं म्हणणं होतं. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि भांडं फुटलं. तो मुळात डेव्हिडसनचा नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला! त्या एका चिठ्ठीमुळे रानपिंगळ्याचा शोध चुकीच्या वाटेने गेला.

रासमुसेन यांनी जुन्या, खऱ्या नोंदी पुन्हा वाचल्या. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत त्या भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळच्या जंगलात त्यांना रानपिंगळा दिसला, तोही भल्या सकाळी, बिनपानांच्या फांदीवर बसलेला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. जगभरच्या पक्षीअभ्यासकांत खळबळ उडवणारी ही बातमी आपल्या एसटीच्या टप्प्यातली होती.

आता मुद्द्यावर येते. मला वाटतं, रानपिंगळ्याच्या बाबतीत आपण अजूनही १९९७ च्या आधीच्याच काळात आहोत. तेव्हा शास्त्रज्ञांना तो सापडत नव्हता, आता आपल्याला सापडत नाही.

२०१८ मध्ये त्याचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ झाला. पण लगेच पेढे वाटू नका. हा बदल प्रामुख्याने नव्या ठिकाणी तो आढळल्यामुळे झाला. २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो दिसला. तरी जगभरातले प्रौढ रानपिंगळे हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे. आपल्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या फर्स्ट इयरला याहून जास्त मुलं असतात.

त्याला लागतं तरी काय? सातपुड्यातलं सागाचं, पानगळीचं जंगल आणि घरट्यासाठी ढोली असलेलं जुनं झाड. ढोली काही वर्षा-दोन वर्षांत तयार होत नाही. त्यामुळे एक म्हातारं झाड तोडून शंभर रोपं लावली, तरी रानपिंगळ्याच्या हिशोबात ती शिल्लक शून्यच. वृक्षारोपणाचे फोटो टाकणाऱ्या आपल्या एनएसएस युनिट्सनी हे लक्षात घ्यायला हवं. रोपं लावाच, पण उभं असलेलं जुनं झाड वाचवणं हेही काम आहे, आणि त्याला बॅनर लागत नाही.

‘जंगल आदिवासी तोडतात, त्यांना हटवा,’ हे वाक्य शहरात फार सहज बोललं जातं. अतिक्रमणाचा प्रश्न खरा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्क देतो, तसाच ग्रामसभेला जंगल राखण्याचा अधिकारही देतो. या दुसऱ्या भागाबद्दल आपण बोलतच नाही. पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांना बाजूला सारून रानपिंगळा वाचेल, असं मला वाटत नाही.

उदाहरण हवं असेल तर नागालँड बघा. २०१२ मध्ये तिथल्या दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे हजारोंच्या संख्येने जाळ्यात पकडून मारले जात होते. देशभर आरडाओरडा झाला. पण शिकार थांबली ती पांगती आणि आसपासच्या गावांनीच ठरवल्यावर. पुढच्याच वर्षी तेच गावकरी त्या ससाण्यांचे राखणदार झाले. जाळी टाकणारे हात राखण करू शकतात, तर सातपुड्यातल्या गावांवर आपण आधीच अविश्वास का दाखवायचा?

आणि आपलं काय? पावसाळ्यात बाइक काढून पाल, मनुदेवी, तोरणमाळ करणारे आपणच आहोत. तिथे स्पीकर लावू नका. रानपिंगळा दिसलाच तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. तो आवाज त्याला हद्दीत घुसलेल्या शत्रूचा वाटतो आणि शिकार, पिल्लं सोडून तो भांडायला येतो. घरट्याचा फोटो आणि लोकेशन इन्स्टावर टाकू नका. पिंगळा-घुबड म्हणजे अपशकुन, हे घरात कुणी बोललं तर मात्र गप्प बसू नका. त्या समजुतीपायी जीव जातो तो पक्ष्याचा.

सायन्सवाल्यांनी प्रोजेक्टसाठी, मराठीवाल्यांनी लोकसमजुतींसाठी आणि आम्ही मास कॉमवाल्यांनी बातमीसाठी हा विषय घ्यायला काय हरकत आहे? साता समुद्रापलीकडून येऊन कुणीतरी आपला पक्षी शोधून दिला. तो राखायलाही बाहेरून कुणी येईल, याची वाट बघायची का, हे आता आपण ठरवायचं आहे.