चार किलोंचा बाऊ

धंतोलीतून सोनोग्राफीचा कागद घरी आला, की सासूबाईंचा चेहरा उतरतो. "चार किलोंचे पोर! आता सिझेरियनच." जिच्या पोटात ते पोर, तिला मात्र कोणी विचारीत नाही!

अहो, हा संत्र्यांचा काटा नव्हे. बाळाचे डोके, पोट, मांडीचे हाड मोजून बांधलेला तो अंदाज. शेकडा 10-15 इकडेतिकडे सहज होतो.

खांदा अडकण्याचे भय खोटे नाही. त्यात बाळाचा हात अधू होऊ शकतो. पण अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांची संघटनादेखील आईला मधुमेह असेल तर साडेचार, नसेल तर पाच किलोंच्या अंदाजापासून सिझेरियनचा विचार करा म्हणते. आमच्या बायकांची चण लहान, हे मान्य. मग ती बाई तपासा की, नुसता आकडा काय वाचता? 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील खाजगी दवाखान्यांत शेकडा 47 बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारीत 14. थोराड बाळे काय खाजगीतच जन्मतात?

सुनेनेच डॉक्टरांना विचारावे: माझी साखर तपासली काय? कळांची वाट पाहिली तर? रात्री खांदा अडलाच तर हाताशी कोण? उत्तरे ऐकून ती सिझेरियन म्हणाली, तर तेच करावे, तेव्हा सासूबाईंनी "आमच्या वेळी..." सुरू करू नये.