तेरावा पत्ता आणि आपली घाई

टॅरोच्या मांडणीत तेराव्या क्रमांकाचे चित्र उघडले, की पत्ते वाचणारी व्यक्ती बहुधा लगेच म्हणते, "घाबरू नका, याचा अर्थ मृत्यू नव्हे, परिवर्तन." धीर देण्याचा हेतू चांगलाच आहे. मात्र या घाईत त्या प्रतीकावर अन्याय होतो, असे मला वाटते. पत्त्यांत भविष्य दिसते यावर माझा विश्वास नाही. पंधराव्या शतकात इटलीत हे पत्ते जन्मले तेही खेळासाठी. प्रश्न आहे तो चित्राच्या अर्थाचा.

आज सर्वाधिक परिचित असलेला संच १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. संकल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यातला मृत्यू म्हणजे काळे चिलखत घालून पांढऱ्या घोड्यावर बसलेला सांगाडा. हाती शस्त्र नाही. काळा ध्वज आणि त्यावर पांढरे गुलाबपुष्प. राजा धारातीर्थी पडावा तसा निश्चेष्ट पडला आहे. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. गुडघे टेकलेल्या तरुणीने मुख फिरवले आहे. दूरवर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य दिसतो.

'परिवर्तन' म्हणणारे या सूर्याकडे बोट दाखवतात. तो सूर्य खराच. पण पाहणाऱ्याच्या आणि सूर्याच्या मध्ये राजाचे प्रेत आहे, ते ओलांडल्याशिवाय दृष्टी तिथवर जात नाही. खुद्द वेट यांनीही या पत्त्याचे अर्थ देताना अंत, मर्त्यता आणि विनाश हे शब्द टाळलेले नाहीत.

फ्रान्समधील मार्से परंपरेच्या संचांत या पत्त्यावर बहुधा नावच नसते. चित्रात मात्र काहीच लपवलेले नाही : कोयता चालवणारा सांगाडा, काळी भुई, तिच्यावर विखुरलेले हातपाय, मुकुटासह तुटलेले शिर आणि त्यांच्यामधून उगवलेली रोपे. तिथे नाव गाळले, पण अर्थ राखला. आपण नाव छापतो आणि अर्थ गाळतो.

अशुभ शब्द टाळण्याची रीत मराठीलाही नवी नाही. बांगडी फुटली तर आपण ती 'वाढवली' म्हणतो. परंतु काच फुटली आहे, हे बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. शब्द सौम्य होतो, वस्तुस्थिती पुसली जात नाही. 'परिवर्तन' या शब्दाने नेमकी तीच पुसली जाते. ज्याचा संसार मोडला किंवा ज्याचे माणूस गेले, त्याला पहिल्याच श्वासात नवी सुरुवात दाखवणे म्हणजे त्याचा शोक करण्याचा अधिकार काढून घेणे होय.

बावीस मुख्य पत्त्यांत मृत्यू शेवटचा नाही, हेही खरे. त्याच्यानंतर चौदावा पत्ता येतो, संयमाचा. दिलासा द्यायचाच तर तो या क्रमात आहे. परंतु तेरा वगळून चौदापर्यंत पोहोचता येत नाही.

स्मिथ यांच्या चित्रात घोड्यापुढे एक लहान मूलही आहे. तरुणी मुख फिरवते. ते मूल मान वर करून त्या स्वाराकडे सरळ पाहते. हा पत्ता वाचायचा असेल, तर निदान तेवढे तरी आपल्याला जमायला हवे.